शेवटच्या अंतऱ्यातला वामन

१४ एप्रिलच्या रात्री कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीच्या रस्त्यावर आम्ही मिरवणूक पाहत उभे होतो. निळे झेंडे, रोषणाई केलेला रथ आणि त्याच्यामागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्पीकरच्या भिंती. एक गाणे सुरू झाले. लहानपणापासून पाठ असलेले गाणे होते, त्यामुळे ओठ आपोआप हलू लागले. पहिला अंतरा झाला, दुसरा झाला, आणि शेवटचा अंतरा सुरू व्हायच्या आत डीजेच्या पोराने खटका दाबला. दुसऱ्याच गाण्याचा ठेका चालू झाला. गर्दी नाचत राहिली. आम्ही मात्र अडखळलो. पुढे जाऊन त्या पोराला विचारले, हे गाणे कोणाचे? त्याने गायकाचे नाव सांगितले. लिहिले कोणी, असे विचारल्यावर तो आमच्याकडे असा बघू लागला, जणू गाणी कोणी लिहीत नसतेच. त्याच्या छातीवर बाबासाहेबांचे चित्र होते, अंगात उत्साह होता. त्याला दोष देऊन काय उपयोग?

परंतु जो अंतरा कापला गेला त्यात त्या कवीचे नाव होते. महाकवी वामनदादा कर्डकांनी आपली सही गाण्याच्या शेवटच्या कडव्यात करून ठेवली. संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव ठेवले, गझलकार मक्त्यात ठेवतात, तसे. आम्ही पेशाने वकील. जमिनीचा दावा आला की पहिल्यांदा सात-बारा पाहायचा, ही आम्हाला लागलेली सवय. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या नावावर सात-बारा नव्हता, खरेदीखत नव्हते. वामनदादांचा सात-बारा म्हणजे गाण्याचा तो शेवटचा अंतरा. आणि आज नेमका तोच कापला जातो. म्हणून ज्या माणसाचे नाव कापले जाते, त्याची हकीकत एकदा नीट सांगावी असे वाटले.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला. सिन्नर म्हणजे विड्यांचे गाव आणि अवर्षणाचा मुलूख. घरी दारिद्र्य. शाळेचे तोंड वामनने पाहिले नाही. पण तो काळ आणि तो जिल्हा पाहा. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा पोर सात वर्षांचा होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तेरा वर्षांचा. येवलाही नाशिक जिल्ह्यातलेच. दादासाहेब गायकवाड याच मातीतले, आणि आंबेडकरी जलसा गावोगाव नेणारे शाहीर भीमराव कर्डकही याच जिल्ह्याचे. अक्षर न शिकलेल्या मुलाभोवती चळवळीचे वारे घोंगावत होते.

नावाचीही एक गंमत आहे. पुराणातला वामन म्हणजे तीन पावलांत बळीराजाला पाताळात गाडणारा बटू. जोतीराव फुल्यांनी त्या कथेची साल सोलून दाखवली आणि बळीला बहुजनांचा राजा म्हणून उभे केले. आमच्या वामनाला नाव मिळाले त्या बटूचे, पण हा आयुष्यभर उभा राहिला बळीच्या बाजूला. नाव बदलण्याची गरज त्याला वाटली नाही. त्याने त्या नावाचा अर्थच बदलून टाकला.

तरुणपणी लग्न झाले. पहिली पत्नी अनुसया. संसार टिकला नाही. मीरा नावाची लहानगी मुलगी होती, ती आजारपणात गेली. पुढे शांताबाईंशी विवाह झाला आणि दादांच्या भटकंतीचा भार त्या बाईने वाहिला. पण लेकराचे दुःख दादांना सोडून गेले नाही. त्यांच्या रचनांत आई, लेक, सासुरवाशीण इतक्या जिव्हाळ्याने का येतात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आईबरोबर वामन मुंबईला आला. मुंबईत त्याने काय केले नाही? गिरणीत राबला, कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, मातीकाम केले, आईस फ्रूट विकले, नंतर टाटा ऑइल मिलमध्ये नोकरी केली. सिनेमात काम करण्याची हौस होती म्हणून स्टुडिओच्या दारात एक्स्ट्रा म्हणूनही उभा राहिला. ठाणे, कल्याण, अंबरनाथच्या कारखान्यांत आमच्या वाडवडिलांच्या पिढीने जे आयुष्य काढले, तेच हे. नाशिक, नगर, सोलापूर, मराठवाड्यातून दुष्काळ आणि जात या दोहोंनी हाकललेली माणसे रेल्वेच्या रुळांलगत वस्ती करून राहिली. त्या वस्त्यांना जे गाणे लागत होते, ते घडवणारा माणूस तेव्हा शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत होता.

त्याच चाळीतला एक प्रसंग दादा स्वतः सांगत. एका माणसाने गावाहून आलेले पत्र त्यांच्यापुढे धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. अंगात चांगले कपडे, बोलणे चुणचुणीत. हा शिकलेला असणार असे त्या बिचाऱ्याला वाटले. वामनला पत्र वाचता आले नाही. ती शरम त्याच्या काळजात रुतली. आमच्या माणसांना अपमान काही कमी झाले नाहीत, पण या अपमानात अपमान करणारा कोणीच नव्हता. समोरचा आपल्यासारखाच निरक्षर, आणि त्याचा आपल्यावर विश्वास. वामन देहलवी मास्तरांकडे गेला आणि वयाची विशी उलटत असताना बाराखडी गिरवू लागला. जोडाक्षरे त्याने रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांवरून शिकून घेतली. मुंबईची दुकाने हीच त्याची शाळा, आणि फी लागली नाही! शिका हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतीवर लिहितो. वामनदादांनी तो भिंतीवरून वाचायला शिकून पाळला.

चाळीत समता सैनिक दलाचे काम जोरात होते. वामन त्यात सामील झाला, कवायत केली, सभांना गेला, बाबासाहेबांना याचि डोळा पाहिले. ३ मे १९४३ ही त्यांच्या पहिल्या गाण्याची तारीख सांगितली जाते. एका हिंदी गाण्याच्या चालीवर रचलेले ते विडंबन होते. चाळीतले लोक पोट धरून हसले. लोक आपल्या शब्दांवर हसतात, म्हणजे आपल्या शब्दांवर विचारही करू शकतील, हे त्या तरुणाच्या ध्यानात आले असावे. कारण त्यानंतर तो थांबलाच नाही. लोकप्रिय चाल घ्यायची आणि तिच्यात बाबासाहेबांचा विचार भरायचा ही आंबेडकरी जलशांची जुनीच पद्धत होती. भीमराव कर्डकांच्या पिढीने तमाशाच्या गणातून देवाला बाजूला सारले आणि त्या जागी बाबासाहेबांना आणले. वामनदादांनी ती वाट पुढे नेली, पण त्यांच्या हाती आल्यावर ते गाणे फक्त प्रचाराचे राहिले नाही. त्यात लोकगीताची लय आली, कव्वालीचा जोर आला, गझलेची नजाकत आली. ज्याला व्याकरण म्हणजे काय हे कोणी शिकवले नाही, त्याने मात्रेला धक्का लागू दिला नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतरचा काळ आठवा. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि दोन महिन्यांच्या आत दीक्षा देणारा गेला. धम्म नवा, पुस्तके मोजकी, वाचणारे त्याहून मोजके. देव्हाऱ्यातले देव काढून टाकलेल्या घरात बायांनी जात्यावर, पाळण्यावर, लग्नात काय म्हणायचे? जुनी गाणी तर देवांची. ही पोकळी ग्रंथांनी भरून निघणारी नव्हती. ती वामनदादांनी आणि त्यांच्यासारख्या शेकडो शाहिरांनी भरली. भीमाच्या जन्माचा पाळणा, रमाईच्या कष्टाचे गाणे, बुद्धाच्या करुणेचे गाणे हे सगळे लोकांच्या तोंडी बसले, तेव्हा धर्मांतर घराच्या उंबरठ्याच्या आत आले. धर्मांतराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दीक्षाभूमी पाहिली, त्रिशरण पाहिले. स्वयंपाकघरातल्या गाण्याकडे फारसे पाहिले नाही, अशी आमची तक्रार आहे.

पण वामनदादांना नुसते भीमगीतकार म्हणून हार घालणे सोयीचे आहे, आणि तसे ते घातलेही जातात. त्यांच्या गाण्यांचा दुसरा अर्धा भाग स्टेजवरच्या पुढाऱ्यांना रुचणारा नाही. देशाच्या संपत्तीत आमचा वाटा कुठे आहे, असा रोकडा सवाल त्यांनी बड्या भांडवलदारांची नावे घेऊन केला. भूमिहीनांच्या बाजूने ते गायले, नामांतराच्या लढ्यात ते गायले. आणि सर्वात कडवट शब्द त्यांनी परक्यांसाठी नव्हे तर आपल्याच लोकांसाठी राखून ठेवले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची काही वर्षांतच शकले झाली. बाबासाहेबांचे नाव घेणारे बाबासाहेबांच्या मताचे आहेत का, हा प्रश्न दादांनी भर सभेत, गटागटांच्या नेत्यांना समोर बसवून, गाऊन विचारला. आज त्यांची जी गाणी जयंतीला वाजतात त्यांची यादी करा आणि जी वाजत नाहीत त्यांची करा. मग कळेल की डीजेच्या खटक्याआधी आपल्या मंडळांच्या समित्यांनीच किती अंतरे कापले आहेत. आम्हीही अशा एका समितीत दोन वर्षे होतो, तेव्हा हे बोट आमच्याकडेही वळते.

सिनेमानेही त्यांचे शब्द घेतले. १९५९ साली अनंत माने यांचा सांगत्ये ऐका हा चित्रपट आला आणि प्रचंड चालला. वसंत पवारांच्या संगीताने सजलेल्या त्या चित्रपटात वामनदादांचेही गीत आहे. आजही ते रेडिओवर लागते, ऐकणारा ताल धरतो, आणि हे शब्द भीमगीते लिहिणाऱ्या त्याच वामनाचे आहेत हे दहांतल्या नवांना ठाऊक नसते. लावणीच्या अंगाने जाणाऱ्या त्या गीतात शेवटी सही करायला जागा नव्हती, म्हणून ते गीत जणू बेवारस झाले. एवढे नाव झाल्यावर दुसरा एखादा सिनेमातच राहिला असता. दादा ढोलकी-पेटीवाल्यांच्या संगतीने एसटीत बसले आणि पुन्हा वस्त्यांकडे निघाले. बिदागी मिळेल ती. मुक्काम कुणाच्याही झोपडीत.

पुस्तकांच्या दुनियेत त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांचा गोलपिठा आला. १९७४ साली दया पवारांचा कोंडवाडा आला. दोन्हींनी मराठी कवितेला हादरा दिला, त्यावर विद्यापीठांतून चर्चा झाल्या, प्रबंध झाले, आणि ते योग्यच झाले. या दोहोंच्या मधल्या वर्षी, १९७३ साली, वामनदादांचा वाटचाल हा संग्रह निघाला. त्यावर समीक्षकांनी किती शाई खर्च केली? पुढे १९७६ साली मोहळ, १९७७ साली हे गीत वामनाचे आणि १९९६ साली माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मचरित्र आले. पांढरपेशा समीक्षेने त्यांना गाणी करणारा म्हणून बाजूला ठेवले, हे समजण्यासारखे आहे. तिच्याकडून वेगळी अपेक्षा कुणी केली होती? पण दलित साहित्याची समीक्षाही मुक्तछंदाच्या इतकी प्रेमात पडली की यमक जुळवणारा, चालीवर लिहिणारा कवी तिला मागासलेला वाटू लागला. ज्या आईबापांनी गोलपिठा कधी हातात धरला नाही, त्यांच्या तोंडी वामनदादांच्या शंभर-शंभर ओळी होत्या. कविता पोहोचली कोणाची, हा प्रश्न साहित्याच्या परीक्षेत बसत नाही काय? १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दादांना देऊन चळवळीने थोडीफार भरपाई केली. पत्र वाचता आले नाही म्हणून खाली मान घालणारा शिवडीचा कामगार त्या दिवशी साहित्यिकांच्या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून उभा होता.

१५ मे २००४ रोजी नाशिकला दादा कालकथित झाले. त्यानंतर सव्वा महिन्यातच, जूनमध्ये, आमच्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे गेले. एक शब्दांचा धनी, दुसरा आवाजाचा. एकाच उन्हाळ्यात दोघेही गेल्याने वस्त्यांत जी शांतता पसरली, ती आमच्या पिढीला आठवते. आणि इथेच आमच्या पेशाचा संबंध येतो. प्रल्हाददादांचा आवाज कॅसेटवर होता, तो कोणी चोरला तर ओळखू येतो. शब्दांचे तसे नसते. कॅसेटच्या जमान्यात वस्त्यांतली गाणी गोळा झाली, वेष्टणावर गायकाचा मोठा फोटो आला, आणि गीतकाराच्या जागी कधी नुसते पारंपरिक असे छापले गेले, कधी काहीच नाही. चाल तीच ठेवून कडवी बदलली गेली. सही असलेले कडवे गाळले की माल मोकळा!

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीचा एक होतकरू शाहीर आमच्याकडे आला होता. त्याची स्वतःची गाणी एका ध्वनिमुद्रण कंपनीने घेतली होती, कागद काही केला नव्हता, आणि आता तीच कंपनी त्याला त्याचीच गाणी गायला मनाई करत होती. त्याचा समज असा की एकदा तोंडी हो म्हटले म्हणजे गाणे गेले. आपल्या असंख्य कलावंतांचा हाच समज असल्याने इथे चार गोष्टी सांगणे भाग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे लिहिले की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. तोंडी व्यवहाराने मालकी जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे वामनदादांच्या बाबतीत २०६४ साल संपेपर्यंत. शिवाय या कायद्याचे ५७ वे कलम पैशापलीकडचे आहे. कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि रचनेची मोडतोड थांबवण्याचा अधिकार ते कवीला देते, मग त्याने बाकीचे सगळे हक्क विकलेले असोत. पूर्वी कवीच्या पश्चात नाव सांगण्याचा हा अधिकार वारसांना वापरता येत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ती अडचण दूर केली.

कोणी घाबरून जाऊ नये. विहाराच्या अंगणात तिकीट न लावता हौशी मंडळाने गाणे म्हटले तर कायदा आड येत नाही, तशी सवलत कायद्यातच आहे. दादांनी तरी कोणाला कधी अडवले? त्यांची गाणी गायली जावीत, खूप गायली जावीत. आमचे म्हणणे फक्त त्या शेवटच्या अंतऱ्यापुरते आहे. छापील प्रतीवर लेखक म्हणून ज्याचे नाव असते तोच लेखक असे न्यायालय धरून चालते, उलट सिद्ध होईपर्यंत. मग ज्याने आपले नाव वेष्टणावर नव्हे तर थेट रचनेच्या पोटात, छंदात बसवून ठेवले, त्याचा पुरावा त्याहून बळकट मानायला नको का? पुराव्याचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्यातही या साक्षीदाराला जागा मिळावी, असा युक्तिवाद करायला आम्हाला आवडेल.

या युक्तिवादाला एक छेद मात्र आमच्या घरातच आहे. आमची आई वालधुनीच्या अशोकनगरात राहायची तेव्हापासून गाण्यांची एक वही ठेवत आली. दोनशे पानी, रेघांची, कोपरे कुरतडलेली. कुणाच्या बारशाला, कुणाच्या पुण्यानुमोदनाला ऐकलेले गाणे ती घरी येऊन उतरवून ठेवी. तीही चौथीपर्यंतच शिकलेली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची मौज आहे. त्या वहीत एकेचाळीस गाणी आहेत आणि एकूण एक गाण्याखाली तिने वामनदादा असे लिहिले आहे. मागच्या पावसाळ्यात ती वही आणि दादांचे छापील संग्रह शेजारी ठेवून आम्ही ताडून पाहायला बसलो. सव्वीस गाणी जुळली. चार गाण्यांच्या शेवटी दुसऱ्याच शाहिरांची नावे निघाली. आईने ती इमानाने उतरवली होती, आणि तरीही खाली वामनदादाच लिहिले होते. तिच्या लेखी जे गाणे चांगले ते दादांचे. म्हणजे एका कवीचे नाव कापले जाते तसेच त्याच्या थोरपणाच्या सावलीत दुसऱ्यांची नावे झाकली जातात, आणि तो अन्याय दादांना खचितच मान्य झाला नसता.

राहिलेल्या अकरा गाण्यांत शेवटचा अंतराच नाही. आईला विचारले तर ती म्हणते, कार्यक्रम संपायच्या आत निघावे लागायचे, शेवटची बस जायची. त्या अकरा गाण्यांखालचे वामनदादा हे नाव आम्ही खोडले नाही. शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे आणि खाली चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. एखाद्या रविवारी सांगितलेत तर आम्ही आमची वही घेऊन तुमच्याकडे येऊ.